पंधरा ते एकवीस : एका चाकाची साठ वर्षं

१९६३ सालच्या फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात पोर्शे कंपनीने एक नवी गाडी मांडली. तिच्या चाकांच्या पोलादी रिमचा व्यास होता १५ इंच, म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्याच गाडीच्या वंशातली, ट्रॅक डोळ्यांसमोर ठेवून केलेली २०२१ ची ९११ जीटी३ घ्या. तिच्या पुढच्या चाकाच्या आत ब्रेकची जी तबकडी फिरते, नुसती तबकडी, तिचा व्यास आहे ४०८ मिलिमीटर. नातीचा ब्रेक आजीच्या चाकात मावणं तर सोडाच, आजीची अख्खी रिम त्या तबकडीमागे झाकली जाईल.

मोठी चाकं म्हणजे फॅशन, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मोठी चाकं म्हणजे प्रगती, असं म्हणणारेही तितकेच. दोघांचंही निम्मंच खरं आहे. कोणतं निम्मं कोणाचं, ते कळायला ही चाकं कशी वाढत गेली ते क्रमाने पाहावं लागतं. त्यासाठी ९११ सारखी सोयीची गाडी दुसरी नाही. साठ वर्षं एकच नाव, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे, सहा सिलिंडर आडवे समोरासमोर, आणि आकार असा की लहान मूलही ओळखेल. बाकी सगळं स्थिर असल्यामुळे काय बदललं ते चटकन दिसतं.

आधी थोडी आकडेमोड, कारण पुढे ती सारखी लागणार आहे. टायरच्या बाजूवर ३१५/३० आर २१ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा साइडवॉलचा, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या रबरी भिंतीचा. ही भिंत रुंदीच्या किती टक्के उंच आहे ते तो सांगतो. शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. आपल्याकडच्या बैलगाडीच्या चाकात तुंबा, आरे, पुठे आणि त्यांवर लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव असे. मोटारीचा टायर म्हणजे हवा भरलेली, मऊ धाव. ही धाव किती जाड ठेवायची, एवढ्याच प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

फ्रँकफर्टला ती गाडी ‘९०१’ म्हणून आली होती. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर फ्रान्समध्ये प्यूजो कंपनीचा हक्क होता. प्यूजोने हरकत घेतली आणि १९६४ मध्ये ९०१ ची ९११ झाली. वजन १०८० किलो, इंजिन दोन लिटरचं, ताकद १३० अश्वशक्ती, वेग ताशी २१० किलोमीटरपर्यंत. रिमची रुंदी साडेचार इंच आणि टायर १६५ मिलिमीटरचे, पुढे-मागे अगदी सारखे. आज एखाद्या साध्या घरगुती हॅचबॅकलाही याहून रुंद टायर असतात. साइडवॉल सुमारे १३२ मिलिमीटर उंच, आणि जमिनीपासून वरच्या कडेपर्यंत मोजलं तर अख्खं चाक सुमारे ६४५ मिलिमीटरचं.

हे टायर रेडियल होते, हे महत्त्वाचं. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच, १९४६ मध्ये, मिशेलिनने रेडियल रचनेचं पेटंट घेतलं होतं. जुन्या टायरमध्ये आतले धागे तिरके, एकमेकांना छेद देत जायचे. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि जिथे टायर रस्त्याला टेकतो तिथे वरून पोलादी तारांचा पट्टा बसवलेला असतो. साइडवॉलचं काम वेगळं, रस्त्याला टेकणाऱ्या भागाचं काम वेगळं. ही विभागणी झाली म्हणूनच पुढे टायर चपटे आणि रुंद करता आले.

पण १९६३ च्या गाडीला एक खोड होती. साठ टक्क्यांच्या आसपास वजन मागे. वळणात चालकाने घाबरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की भार पुढे सरकायचा, मागची चाकं हलकी व्हायची आणि गाडीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला झेपावायचा. कंपनीने केलेला पहिला इलाज वाचून हसू येतं: पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत सुमारे ११-११ किलोचे ओतीव लोखंडाचे ठोकळे. हलकी गाडी बनवण्याचा अभिमान बाळगणाऱ्यांनी तिच्या नाकाला वजनं बांधली! १९६८ मध्ये जरा शहाणा इलाज झाला. मागची चाकं ५७ मिलिमीटर आणखी मागे नेली, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर वाढलं. दरम्यान १९६६ मध्ये १६० अश्वशक्तीची ९११ एस आली. तिच्याबरोबर ओट्टो फुख्स कंपनीची, ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूतून घडवलेली, पाच पाकळ्यांची चाकं आली. जुन्या ९११ चं चित्र कुठेही पाहिलंत तर बहुधा हीच चाकं दिसतात. ती सुंदर होती खरी, पण तिथे सौंदर्य दुय्यम होतं. स्प्रिंगच्या खाली जे वजन असतं ते रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्याबरोबर वर-खाली नाचतं. ते जितकं कमी तितकं चाक रस्त्याला धरून राहतं.

मागचा भाग सुटतो, यावरचा खरा तोडगा मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद करणं हा होता. तो १९७२ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात दिसला. त्या वेळी कंपनीची सूत्रं एर्न्स्ट फुरमान यांच्याकडे होती. रेसिंगच्या नियमांत बसण्यासाठी निदान ५०० गाड्या बनवायच्या, म्हणून कॅरेरा आरएस २.७ निघाली. हलक्या आवृत्तीचं वजन ९६० किलो, ताकद २१० अश्वशक्ती, मागे बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला पंख. पुढे ६ इंच रुंद रिमवर १८५/७० चे टायर, मागे ७ इंच रिमवर २१५/६० चे. पोर्शेच्या रस्त्यावरच्या गाडीत पुढची आणि मागची चाकं वेगळ्या मापाची असण्याची ही पहिली वेळ. मागचे टायर मावावेत म्हणून मागचे मडगार्ड फुगवले. ५०० खपतील का, अशी विक्री विभागाला धास्ती होती. शेवटी बनल्या १५८०. आणि तिच्या रेसिंगच्या भावंडाने, आरएसआरने, १९७३ मध्ये डेटोनाची २४ तासांची शर्यत आणि सिसिलीच्या डोंगरातली टार्गा फ्लोरिओ अशा दोन्ही मारल्या.

मात्र एक गोष्ट नजरेतून सुटू नये. चाक रुंद झालं, उंच झालं नाही. २१५/६० च्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६३९ मिलिमीटर भरतो, म्हणजे १९६३ च्या चाकापेक्षा केसभर लहानच. रिम अजून १५ इंचीच आहे.

रिम वाढवण्याची गरज निर्माण केली ती एका रॅलीच्या गाडीने. इटलीच्या लान्चिया कंपनीच्या स्ट्राटोसमध्ये फेरारीचं सहा सिलिंडरी इंजिन मधोमध बसवलं होतं. गाडी आखूड, हलकी, आणि ताकद इतकी की त्या वेळचे उंच साइडवॉलचे टायर वळणात अक्षरशः दुमडायचे. चालकाने स्टिअरिंग फिरवलं की आधी रबरी भिंत पिळवटायची, मग रस्त्याला टेकलेला भाग वळायचा, मग गाडी. हा मधला क्षण सेकंदाच्या लहानशा भागाएवढा असतो, पण वेगात तो कळतो आणि छळतो. पिरेलीचे अभियंते मारिओ मेझानोत्ते यांनी त्यावर साइडवॉल आखूड केली आणि पोलादी पट्ट्यावर नायलॉनची घट्ट पट्टी गोल गुंडाळली, म्हणजे जोरात फिरताना टायर फुगणार नाही. हाच पी-७. स्ट्राटोसने १९७४ पासून लागोपाठ तीन वर्षं जागतिक रॅली विजेतेपद घेतलं आणि पी-७ रस्त्यावरच्या गाड्यांकडे वळला.

त्याचं पहिलं मोठं गिऱ्हाईक पोर्शेच होतं. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात आलेली ९११ टर्बो तेलसंकटाच्या ऐन काळात जन्मली होती. इंजिनच्या कमी फेऱ्यांवर, टर्बो जागा होईपर्यंत सुस्त, आणि जागा झाला की एकदम लाथ मारणारी. तिचे पहिले टायर अजून १५ इंचीच होते. दशक संपण्याआधी १६ इंची रिम आली, मागे २२५/५० चे टायर. साइडवॉल आता ११३ मिलिमीटरच्या आत. बाहेरचा व्यास? ६३१. पुन्हा तेवढाच. हीच पुढच्या पंचवीस वर्षांची रीत ठरली: बाहेरचा घेर कायम ठेवायचा, म्हणजे गिअरचं गणित बिघडत नाही, वेगाचा काटा खोटं बोलत नाही, मडगार्डची पोकळी पुरते. रिम आतून वाढवत न्यायची आणि रबर कापत जायचं. आपल्याकडे टायरवाला जेव्हा ‘साहेब, एक साइज वर जाऊ, घेर तोच राहील’ म्हणतो, तेव्हा तो याच रीतीने चालत असतो.

स्पर्धा मग सगळीकडेच लागली. १९७८ च्या लॅम्बोर्गिनी काउंटाख एलपी ४०० एसने मागे ३४५ मिलिमीटर रुंदीचे पी-७ चढवले आणि पोरांच्या खोल्यांच्या भिंतींवर जागा पटकावली. अमेरिकेत १९८४ ची कॉर्व्हेट १६ इंची रिमवर गुडइयरचे २५५/५० चे टायर घेऊन आली. १९८७ ची फेरारी एफ-४० १७ इंचांवर. यातलं किती वळणांसाठी होतं आणि किती पोस्टरसाठी, याचा हिशेब मी मांडत बसणार नाही. काउंटाखच्या बाबतीत तरी उत्तर उघड आहे.

पोर्शेची ९५९ मात्र तिथे थांबून पाहण्याजोगी आहे. १९८७ मध्ये ती ग्राहकांना मिळू लागली. त्याच्या आदल्या वर्षीच तिच्या वाळवंटी आवृत्तीने पॅरिस-डाकार जिंकली होती. ही गाडी ताशी ३१५ किलोमीटरच्या पुढे जायची, आणि अशा वेगात टायर अचानक रिकामा झाला तर पुढचं सांगायला कोणी उरत नाही. म्हणून तिच्या १७ इंची चाकांना हवेच्या दाबावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा बसवली. दाब घसरला की चालकाला इशारा. आज साध्या गाड्यांतही दिसणाऱ्या यंत्रणेची ही सुरुवात. चाकं मॅग्नेशियमची होती आणि त्यांचे आरे आतून पोकळ होते. टायर जपानी, ब्रिजस्टोनचे, रिकामे झाले तरी रिमवरून निसटू नयेत अशी कड असलेले. जाता जाता, आपल्याकडे कोणत्याही अलॉय चाकाला गॅरेजमध्ये सर्रास ‘मॅग व्हील’ म्हणतात. तो ‘मॅग’ या मॅग्नेशियमचाच. बोलीत तेवढा उरला आहे. चाकं जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमची असतात.

नव्वदच्या दशकात १७ आणि मग १८ इंच आले. १९९९ मध्ये जिनिव्हाला पहिली जीटी३ आली तेव्हा तिच्या मागच्या १८ इंची चाकांवर २८५/३० चे टायर होते. ३६० अश्वशक्तीची ही गाडी घेऊन वॉल्टर र्‍योर्ल या माजी रॅली विश्वविजेत्याने जर्मनीतल्या न्यूरबुर्गरिंगच्या जुन्या, डोंगरातून जाणाऱ्या ट्रॅकची फेरी ७ मिनिटं ५६ सेकंदांत पुरी केली. विकत घेऊन घरी न्यायच्या गाडीने तिथे आठ मिनिटांच्या आत यायचं म्हणजे त्या वेळी मोठीच गोष्ट होती.

हिशेब केला तर त्या मागच्या टायरची साइडवॉल साडेपंच्याऐंशी मिलिमीटर. बाहेरचा व्यास ६२८. छत्तीस वर्षांत रबरी भिंत १३२ वरून ८५ वर आली आणि चाकाचा बाहेरचा व्यास मात्र उलट १७ मिलिमीटरने घटला. म्हणजे विसाव्या शतकात पोर्शेचं चाक वाढलंच नाही. त्यातली धातूची थाळी वाढली आणि रबराची कडा झिजली, एवढंच. लोकांच्या डोळ्यांना मात्र चाक मोठं दिसू लागलं, कारण चमकते ती थाळी.

खरं मोठं होणं यानंतरचं आहे, आणि त्याची चाल अगदी वेगळी आहे.

२००६ च्या जीटी३ ला १९ इंची रिम आली, मागे ३०५/३० चे टायर. साइडवॉल? साडेएक्क्याण्णव. म्हणजे कमी झाली नाही, थोडी वाढली. बाहेरचा व्यास ६६६. २०१३ मध्ये २० इंच. टायरची रुंदी आणि साइडवॉल जशीच्या तशी, पण व्यास ६९१. २०१५ च्या जीटी३ आरएसने मागे २१ इंची रिम घेतली. मापं सरळ कंपनीच्याच ९१८ स्पायडर या महागड्या हायब्रिड गाडीची. ही स्पायडर २०१३ मध्ये न्यूरबुर्गरिंगच्या त्याच ट्रॅकवर ६ मिनिटं ५७ सेकंदांची फेरी मारून आली होती. २०२१ च्या जीटी३ ला पुढे २० इंची रिमवर २५५/३५, मागे २१ इंचीवर ३१५/३०. मागच्या चाकाचा व्यास ७२२ मिलिमीटर. पंधरा वर्षांत अख्खं चाक साडेपाच सेंटिमीटरने उंच झालं आणि रबर अजिबात पातळ झालं नाही.

असं का झालं? पहिलं कारण ब्रेक. गाडी थांबवायची म्हणजे तिच्या गतीची ऊर्जा उष्णतेत बदलायची, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. १९६३ ची गाडी १०८० किलोची, वेग २१०. २०२१ ची जीटी३ १४१८ किलोची, वेग ३२०. दोघींना पूर्ण वेगातून थांबवायचं म्हटलं तर नव्या गाडीला जिरवावी लागणारी उष्णता साधारण तिप्पट. रस्त्यावर असा ब्रेक आयुष्यात एकदा लागतो. ट्रॅकवर थोड्याफार फरकाने प्रत्येक फेरीत अनेकदा. तबकडी मोठी तर उष्णता साठवायला धातू जास्त, हवा लागायला पृष्ठभाग जास्त. २००३ च्या जीटी३ मध्ये पुढची तबकडी ३५० मिलिमीटरची होती, मग ३८०, मग ४०८. तिच्याभोवती पकड घेणारं कॅलिपर बसवायचं तर रिम वाढवण्याला इलाज नाही.

दुसरं कारण टायर रस्त्याला जिथे टेकतो तिथलं. मोठ्या वर्तुळाचा कंस जास्त सपाट असतो, म्हणून चाक मोठं असेल तर रस्त्यावरचा ठसा लांब होतो. नुसती रुंदी वाढवली की ठसा आडवा पसरतो, गाडी वळायला तत्पर होते. पण ब्रेक मारताना आणि वळणातून बाहेर पडताना जोर लावायला लांबीच उपयोगी पडते. शिवाय मोठ्या टायरमध्ये रबर जास्त, म्हणजे तापायला वेळ लागतो. ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या फेरीला टायर ‘जातो’ म्हणतात ते रबर त्याच्या सोसण्यापलीकडे तापल्यामुळेच.

तिसरं कारण हवा, दोन्ही अर्थांनी. टायर किती भार पेलतो ते आतल्या हवेच्या आकारमानावर आणि दाबावर अवलंबून असतं. आणि आजच्या गाड्यांवर बाहेरची हवाही भार टाकते. २०२२ च्या जीटी३ आरएसवर ताशी २८५ किलोमीटरला पंखांमुळे येणारा खालचा दाब कंपनी ८६० किलो सांगते. पंधराशे किलोच्या आतली गाडी आणि तिच्या पाठीवर एक अख्खी छोटी मोटार! तिच्या मागच्या टायरची रुंदी ३३५ आणि साइडवॉल पुन्हा शंभर मिलिमीटरवर गेली आहे, ती उगाच नाही. १९९५ च्या टर्बोपेक्षा आजच्या या सर्वांत टोकाच्या गाडीची रबरी भिंत उंच आहे, हे दुकानात सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही.

आणि चौथी गोष्ट, कारण म्हणा की निमित्त: गाडीच मोठी झाली. १९६३ ची ९११ ४.१६ मीटर लांब होती, २०२१ ची जीटी३ ४.५७ मीटर. चाकाच्या व्यासाला गाडीच्या लांबीने भागून पाहिलं तर १९६३ मध्ये साडेपंधरा टक्के येतात आणि २०२१ मध्ये पावणेसोळा. आजी आणि नात शेजारी उभ्या केल्या तर नातीची चाकं अंगाच्या मानाने जवळजवळ तेवढीच आहेत. अंग वाढलं तसे पाय वाढले.

याचं फळ घड्याळात दिसतं. ज्या २०.६ किलोमीटरच्या फेरीला १९९९ मध्ये ७ मिनिटं ५६ सेकंद लागले, ती २०२१ च्या जीटी३ ने ६ मिनिटं ५५.२ सेकंदांत मारली. एक मिनिट गेलं कुठे? ताकद ३६० वरून ५१० अश्वशक्ती झाली, मागची चाकंही किंचित वळू लागली, पुढचं सस्पेन्शन नवं आलं. पण मोठा वाटा टायरचा. मिशेलिनचा कप २ आर हा त्या फेरीचा टायर नावापुरताच रस्त्याचा आहे. नक्षी अगदी मोजकी, रबर चिकट आणि लवकर झिजणारं. पावसात साठलेल्या पाण्यावर त्याच्याशी जपूनच वागावं लागतं.

या सगळ्याची किंमतही आहे. थाळी मोठी म्हणजे वजन मध्यापासून दूर गेलं, आणि फिरणाऱ्या वस्तूत वजन जितकं कडेला तितकं ते फिरवायला आणि थांबवायला जड. म्हणून धातूचा खर्च वाढला. आधी घडवलेलं ॲल्युमिनियम, मग मॅग्नेशियम (आरएसची मॅग्नेशियम चाकं घेतली तर चार चाकांत मिळून सुमारे ८ किलो वाचतात), मग कार्बन फायबर. २०१५ मध्ये फोर्डने शेल्बी जीटी ३५० आर या मस्टँगला ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या कार्बन रिव्होल्यूशन कंपनीची कार्बनची चाकं कारखान्यातूनच दिली. आता कॉर्व्हेट झेड ०६ ला ती हवी तर मिळतात, पुढे २० आणि मागे २१ इंची. चाक मोठं करायचं आणि मग मोठं झाल्याचं वजन घालवायला पैसे मोजायचे, असा हा व्यवहार.

दुसरी किंमत रस्त्यावर मोजावी लागते. उंच साइडवॉल ही स्वतःच एक स्प्रिंग असते. ती आखूड झाली की खड्ड्याचा तडाखा थेट रिमला बसतो. आपल्या रस्त्यांवर ‘लो प्रोफाइल’ घालून फिरणाऱ्यांना हे पंक्चरवाल्याकडेच कळतं: आतला धागा तुटून साइडवॉलला फुगा येतो किंवा रिमची कड वाकते, आणि फुगा आलेला टायर फेकण्यापलीकडे त्याचं काही करता येत नाही.

मग फॅशनचा भाग कुठे आला? त्यासाठी स्टुटगार्टच्या झुफेनहाउझेन कारखान्यात जावं लागतं. रस्त्यावरच्या ९११ ज्या लाइनवर जुळतात, त्याच लाइनवर ९११ जीटी३ कपही जुळते. ही निव्वळ रेसिंगची गाडी, नंबरप्लेट न मिळणारी. तिची चाकं किती इंची असावीत? मागे-पुढे १८. पुढच्या तबकड्या ३८० मिलिमीटरच्या, आणि त्या १८ इंचांत व्यवस्थित मावतात. टायरवर मापं लिहिलेली असतात ३०/६५ आणि ३१/७१, म्हणजे पुढे सुमारे ६५ आणि मागे सुमारे ७१ सेंटिमीटर बाहेरचा व्यास. मागच्या टायरची साइडवॉल मग सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास येते, जवळजवळ १९६३ एवढी! बाहेरचा घेर आजचा, रबराची जाडी आजीच्या काळातली.

यावर अभियंते म्हणतील की रेसिंगचे टायर वेगळ्या जातीचे असतात, त्यांची भिंत उंच असूनही कडक असते, आणि त्या वर्गात १८ इंच हा चालत आलेला दंडक आहे. तेही बरोबर. पण त्यातून एवढं तरी दिसतं की ७१-७२ सेंटिमीटरचं चाक वेगासाठी लागतं; त्याच्या आत २१ इंचांची थाळी असलीच पाहिजे, असं वेगाचं म्हणणं नाही. घेर अभियंत्याने मागितला. त्यातला रबर किती आणि धातू किती हे ठरवताना ब्रेकच्या शेजारी डिझायनर आणि गिऱ्हाईकही बसलेले होते, असं मला वाटतं.

फॉर्म्युला वनची गोष्ट तर याहून गमतीची. जगातल्या सर्वांत वेगवान वळणाऱ्या या गाड्या २०२१ पर्यंत १३ इंची रिमवर पळत होत्या. त्यांच्या जाड्या साइडवॉल वळणात डुलताना टीव्हीवरही दिसायच्या. नियमांनी रिम लहान ठेवली होती, आणि संघांनी त्या फुगीर भिंतींनाच सस्पेन्शनचा भाग मानून त्यांच्याभोवती गाड्या आखल्या होत्या. २०२२ पासून १८ इंच आले; चाकाचा बाहेरचा व्यास ६७० वरून ७२० मिलिमीटर झाला. टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या दृष्टीने १३ इंची माप ही रस्त्यावरच्या गिऱ्हाइकाला दाखवून उपयोग नसलेली वस्तू झाली होती. तेव्हा रस्त्यावरच्या गाड्यांनी रेसिंगची नक्कल करावी हा जुना शिरस्ता इथे उलटला; रेसिंगच्या गाडीलाच रस्त्यावरच्या चाकासारखं दिसावं लागलं.

मधल्या काळात १५ इंचांचे वेगवान टायर हळूहळू बाजारातून नाहीसे झाले. ज्यांच्याकडे १९७३ ची आरएस होती, त्यांची पंचाईत झाली: गाडी कोटींची, आणि तिला शोभेल असा टायर मिळेना. जुने साठे असले तरी उपयोग नव्हता, कारण वापरला नाही तरी रबर म्हातारं होतं. शेवटी पिरेलीनेच सत्तरच्या दशकातला आपला सीएन ३६ पुन्हा साच्यात घातला. मापं तीच, पुढे १८५/७०, मागे २१५/६०, रिम १५ इंच. नक्षी जुनी, आतलं रबर मात्र आजचं.